कुठं लिहिलंय, बोट ठेव

आधी आवाज यायचा, मग बाई यायच्या. शाळेच्या व्हरांड्यात डाव्या पायाच्या लोखंडी कॅलिपरचं ‘खट्’ आणि मागून उजव्या चपलेची घसट. आम्ही नववीतले पोट्टे त्या आवाजावरून हिशेब करायचो. आता पाण्याच्या टाकीपाशी आल्या, आता मुख्याध्यापकांच्या खोलीपाशी आल्या. दारात पोचेपर्यंत वर्ग चिडीचूप. बाईंना हे ठाऊक होतं. एकदा खडू हातात घेता घेता म्हणाल्या, “उपकार माना माझे. बाकीचे मास्तर न सांगता येतात.”

गजभिये बाई गणित शिकवायच्या. उत्तर नागपुरातली आमची शाळा, गिरणीत जाणाऱ्यांची आणि विड्या वळणाऱ्यांची पोरं. माझा बाप लूम खात्यात होता आणि पगाराच्या कागदावर अंगठा द्यायचा. आमच्या घरात मॅट्रिकच्या पुढं गेलेला पहिला माणूस मी. हे मी मान वर करूनच सांगतो, कारण ते फुकट मिळालेलं नाही. त्यातला बराचसा भाग या बाईंकडून मिळाला आहे, म्हणून हे लिहितो आहे.

बाईंची एक खोड होती. कोणी काहीही म्हटलं की त्या विचारायच्या, “कुठं लिहिलंय? बोट ठेव.” सूत्र सांगितलं, बोट ठेव. शिपाई म्हणाला शनिवारी खोली मिळणार नाही, बोट ठेव. मग त्या माणसानं पुस्तक किंवा परिपत्रक उघडायचं आणि नेमक्या ओळीवर बोट टेकवून उभं राहायचं. बोट टेकलं तर बाई मुकाट मान्य करायच्या. नाही टेकलं तर म्हणायच्या, “मग हे तुझ्या मनचं आहे. मनचं मनात ठेव.”

एकदा मी फसलो. फळ्यावर माझं उत्तर चुकलं आणि मी म्हणालो, “बाई, पुस्तकात हेच उत्तर आहे.”

“बोट ठेव.”

मी मागची पानं उघडून बोट ठेवलं. उत्तर खरंच तेच होतं. बाईंनी गणित फळ्यावर पुन्हा सोडवलं. पुसलं, दुसऱ्या रीतीनं सोडवलं. मग हात झटकून म्हणाल्या, “पुस्तक चुकलं.”

आमच्यासारख्यांच्या घरात छापलेला कागद येऊन किती दिवस झाले होते? छापलेलं चुकतं हे आम्ही पहिल्यांदा ऐकत होतो. बाईंनी पाठ्यपुस्तकवाल्यांना पोस्टकार्ड टाकलं. उत्तर नाही. दुसरं टाकलं, तिसरं टाकलं. परीक्षा तोंडावर आली तेव्हा दोन ओळींचं टाइप केलेलं पत्र आलं, की पुढच्या आवृत्तीत दुरुस्ती करण्यात येईल. बाईंनी ते वर्गाच्या भिंतीला चिकटवलं आणि आम्हा बावन्न जणांना रांगेनं त्यावर बोट ठेवायला लावलं. म्हणाल्या, “छापलेलं आहे म्हणून घाबरायचं नाही. आणि छापलेलंच नाही, त्याला तर अजिबात घाबरायचं नाही.”

त्यांची भाषा दोन मजली होती. शिकवताना शुद्ध, पुस्तकी. पण राग आला किंवा माया आली की खालच्या मजल्यावर उतरायच्या. “काहून हसून राहिला बे?” असं कानावर आलं की दोन्हींपैकी काय आहे ते चेहरा बघून ओळखावं लागायचं, आणि चेहरा दोन्ही वेळा सारखाच असायचा. दर सोमवारी मधल्या सुट्टीत त्या पाय बाकावर ठेवून शिलाई मशीनच्या तेलाची कुपी काढायच्या आणि कॅलिपरच्या सांध्यात दोन थेंब सोडायच्या. नव्या मास्तरीण बाईंनी कीव आल्यासारखा चेहरा केला तर म्हणायच्या, “पाहून काय राहिली वं? सर्व्हिसिंग आहे.” पोलिओ झाला तेव्हा त्या तीन वर्षांच्या होत्या. दीक्षेच्या वर्षी त्यांच्या वडिलांनी त्यांना खांद्यावर बसवून दीक्षाभूमीवर नेलं होतं. त्या गर्दीत सगळ्यात लांबचं आपल्यालाच दिसत होतं, असं त्या मोठ्या तोऱ्यात सांगायच्या.

मी बी.कॉम. झालो आणि वर्धा रोडवरच्या एका मोटारींच्या शोरूममध्ये लागलो, सर्व्हिसच्या काउंटरवर. गाडी आली की जॉबकार्ड भरायचं, काम वॉरंटीत बसतं की नाही ते मॅनेजर साहेबांना विचारून लिहायचं, सही करायची. ऐंशीच्या दशकाची मधली वर्षं होती. नव्या छोट्या गाड्या नुकत्याच आल्या होत्या आणि गाडी घेणारा माणूस काउंटरवरच्या पोराशी जरा वरच्या सुरातच बोलायचा. एके दिवशी शोरूमच्या फरशीवर आवाज आला. खट्-घस्. खट्-घस्. मी खुर्चीतून उठून उभा राहिलो. सवयच तशी.

बाईंना गाडी घ्यायची होती. दहा-एक वर्षांनी भेटत होतो, पण ओळख दाखवायची त्यांची पद्धत निराळी. म्हणाल्या, “विजय मेश्राम. वजाबाकीत हातचा विसरायचा. अजून विसरतोस?”

“नाही बाई.”

“बरं. वॉरंटीचं कार्ड दाखव.”

सेल्समन हसून म्हणाला, “बाई, ते गाडीसोबत मिळतं.”

“लग्न झाल्यावर नवरा पाहायचे दिवस गेले, भाऊ. आधी दाखवा.”

त्या सोफ्यावर बसल्या आणि ते इंग्रजी कार्ड पहिल्या अक्षरापासून शेवटपर्यंत पेन्सिल घेऊन वाचलं. तिथं इतके महिने काढूनही मी ते पूर्ण वाचलं नव्हतं. त्यांनी एका ओळीखाली रेघ मारली. गाडीच्या कोणत्याही भागात छेद, कापणी किंवा वेल्डिंग करून बदल केल्यास वॉरंटी राहणार नाही, असा त्या ओळीचा अर्थ होता.

आता बाईंची अडचण सांगतो. डाव्या पायात जोर नाही, म्हणजे क्लच दाबता येत नाही. तो हातानं दाबायची सोय केल्याशिवाय त्यांना गाडी चालवता येणार नव्हती, आणि गाडीला हात लावला तर वॉरंटी जाणार. लोकांनी सोपा उपाय सांगितला, ड्रायव्हर ठेवा. बाई भडकल्या. खालच्या मजल्यावर उतरून म्हणाल्या, “ड्रायव्हरच ठेवाचा असता तं रिक्षा काय वाईट होती? रिक्षावाला चढवतानी दंडाले धरते. बसमधी कंडक्टर दंडाले धरते. जलमभर कोणी ना कोणी माह्या दंडाले धरूनच राहिलं. आता बस झालं.”

कमाल चौकात रज्जाकभाई नावाचे मिस्त्री होते. स्कूटरी, ऑटो, दळणाच्या गिरण्या, जे येईल ते दुरुस्त करायचे. बाईंनी त्यांना कार्डातली ती ओळ वाचून दाखवली. छेद नाही, कापणी नाही, वेल्डिंग नाही.

रज्जाकभाई म्हणाले, “बाई, तीनों नहीं करूंगा तो मैं मिस्त्री काहे का?”

“ते करून तर कोणीही मिस्त्री होतो,” बाई म्हणाल्या.

हे त्यांना लागलं. पुढचे दोन महिने ते रस्त्यानं दिसेल त्या गाडीखाली डोकं घालून बसायचे. शेवटी बाईंनी गाडी घेतली आणि तिच्यात जे बसलं ते असं. क्लचच्या दांडीला एक शिकंजा, सीटखालच्या रुळाला एक शिकंजा, दोन्ही नटबोल्टनं आवळलेले, आणि त्यांच्या आधारानं सीटच्या डाव्या बाजूला उभा राहिलेला एक लोखंडी दांडा. दांडा पुढं ढकलला की क्लच खाली जातो आणि एक खटका पडून तो तिथंच अडकतो. तेवढ्यात त्याच हातानं गिअर टाकायचा, परत दांडा धरायचा, खटका सोडायचा आणि दांडा हळूहळू मागं घ्यायचा. शिकंज्याखाली सगळीकडे सायकलच्या ट्यूबच्या पट्ट्या, रंगाला ओरखडा नको म्हणून. खटका पडला की आवाज यायचा, खट्. बाईंनी तो पहिल्यांदा ऐकला आणि म्हणाल्या, “घ्या. गाडीलेही कॅलिपर बसलं.”

आरटीओच्या साहेबांनी मैदानात पाच फेऱ्या मारायला लावल्या. इतरांना दोनच. बाईंनी पाच मारल्या आणि गाडीतूनच विचारलं, “अजून?” लायसनवर शेरा पडला, की फक्त हाताच्या क्लचची सोय असलेलीच गाडी चालवावी. त्या शेऱ्याची बाईंना कोण ऐट. चार लोकांत दाखवायच्या.

तीन महिने गाडी गुणानं चालली. मग तिचा सेल्फ गेला. चावी फिरवली की आत नुसती टिकटिक. रोज सकाळी मोहल्ल्यातल्या चार जणांनी धक्का मारायचा आणि बाईंनी आत बसायचं. धक्का मारणारे हसायचे, म्हणायचे, “बाई, याच्यापरीस रिक्षा बरी होती.” त्या गाडी घेऊन आमच्याकडे आल्या. कंपनीचा भाग, कंपनीची वॉरंटी, वर्षसुद्धा झालेलं नाही. मी जॉबकार्ड भरायला घेतलं. सरळ काम होतं.

मॅनेजर साहेब बाहेरगावचे, स्वच्छ बोलायचे, कधी आवाज चढवायचे नाहीत. त्यांनी गाडीचं दार उघडलं, दांडा पाहिला आणि दार लावलं. “मॅडम, सॉरी. गाडीत बदल झालाय. वॉरंटी संपली.”

“सेल्फची?”

“पूर्ण गाडीची.”

“कुठं लिहिलंय?” बाईंनी पर्समधून कार्ड काढून काउंटरवर पसरलं. “बोट ठेवा.”

मॅनेजर साहेब हसले. चांगल्या घरचे लोक लहान मुलाच्या हट्टाला हसतात तसे. “मॅडम, तुम्हाला इंग्रजी कायद्याची भाषा…”

“शब्द तीनच आहेत. छेद, कापणी, वेल्डिंग. यातलं काय झालंय ते दाखवा.” मग दाराकडं वळून हाक मारली, “रज्जाकभाई!”

रज्जाकभाई बाहेर पान खात उभे होते. दोन स्पॅनर घेऊन आत आले, सगळ्या मेकॅनिकांच्या देखत दांडा उतरवला आणि शिकंजे काढून काउंटरवर मांडले. दहा मिनिटंही लागली नाहीत. मॅनेजर साहेबांनी टॉर्च मागवला, वाकून पाहिलं. रंग शाबूत, रूळ शाबूत. एकही भोक नाही. रज्जाकभाई म्हणाले, “साब, पराया लोहा है. मैंने हाथ नहीं लगाया, पकड़ के रखा बस.”

साहेबांचे कान तांबडे झाले. पण ते हुशार होते. म्हणाले, “छान. मग हे असंच काढून ठेवा. आता गाडीत बदल नाही. वॉरंटी चालू. सेल्फ बदलून देतो, दांड्याशिवाय घेऊन जा.”

वर्कशॉपात कोणीतरी खुसकन हसलं. बाई गाडीपाशी गेल्या. खट्-घस्. लायसन काढून बॉनेटवर ठेवलं आणि मग त्यांनी वर्गात मांडायच्या तसं एकेक पायरीनं मांडलं.

“सरकारनं लिहून दिलंय, दांडा नसेल तर मी गाडी चालवायची नाही. तुम्ही म्हणता, दांडा असेल तर वॉरंटी नाही. म्हणजे माझ्यासारख्या बाईला विकलेल्या गाडीला वॉरंटीच नाही. होय ना? मग तेवढं एक वाक्य लिहून द्या. सहीशिक्क्यासकट. मी जाते.”

साहेबांनी ते लिहून दिलं नाही. माझ्याकडं वळून म्हणाले, “मेश्राम, जॉबकार्डावर लिही. वॉरंटी नाकारली.”

आमच्या जॉबकार्डावर त्यासाठी एक रकाना होता, ‘नाकारण्याचं कारण व कलम’. कलम कोणी भरत नव्हतं. मीसुद्धा कधी भरलं नव्हतं. मी पेन टेकवलं. बाई माझ्याकडं बघत नव्हत्या. त्या कॅलिपरचा पट्टा नीट करत होत्या.

मी विचारलं, “सर, कलम कोणतं लिहू?”

“काय?”

“कलमाचा नंबर, सर. कार्ड इथंच आहे. तुम्ही बोट ठेवा, मी तेवढं लिहितो.”

मी यापुढं माझ्याविषयी फार सांगणार नाही. रकाना कोरा राहिला. साहेब म्हणाले कंपनीला पत्र टाकतो, उत्तर येईल तेव्हा बघू, आणि केबिनचं दार लावून घेतलं. वर्कशॉपातले लोक मी नोकरी सोडून चाललो आहे अशा नजरेनं माझ्याकडं बघायला लागले.

“किती दिवस लागतात उत्तराला?” बाईंनी मला विचारलं.

“महिना. दोन महिने.”

“हरकत नाही. पाठ्यपुस्तकवाल्यांनी चार लावले होते.”

दुसऱ्या दिवशी शाळा सुटल्यावर त्या रिक्षानं आल्या आणि शोरूमच्या सोफ्यावर, पंख्याखाली, वह्यांचा गठ्ठा घेऊन बसल्या. सेल्समननं विचारलं, काय पाहिजे? म्हणाल्या, “उत्तर पाहिजे. येईपर्यंत वह्या तपासते.” गिऱ्हाइकाला बसायच्या जागेवर गिऱ्हाइकच बसलेलं, त्यांना उठवणार कोण? सहा वाजेपर्यंत बसल्या. त्याच्या दुसऱ्या दिवशीही तेच. तिसऱ्या दिवशी काटोलहून संत्र्याचे व्यापारी आले, तिघं भाऊ, दोन गाड्या घ्यायच्या होत्या. थोरले भाऊ बाईंच्या शेजारी टेकले.

बाईंनी वहीतून मान वर केली. “भाऊ, वॉरंटीचं कार्ड वाचलं का?”

“नाही बा. इंग्रजी असते ते.”

“आणा इकडं.”

आणि बाईंनी ते सगळं कार्ड त्यांना मराठीत समजावून सांगितलं. शेवटी स्वतःचं प्रकरणही सांगितलं, आवाज न चढवता. थोरले भाऊ ऐकत गेले आणि त्यांचा चेहरा बदलत गेला. उठले, सरळ केबिनच्या दारात गेले.

“काऊन जी साहेब, सीटले कव्हर टाकलं तं वॉरंटी जाते का?”

“नाही हो.”

“हॉर्न मोठा लावला तं?”

“ते… बघावं लागेल.”

“लिंबू-मिर्ची बांधा लागते न आम्हाले. ते जोडलं म्हणतान का बदललं म्हणतान?”

मधला भाऊ म्हणाला, “दादा, बाईले तं धक्का मारत आणा लागली गाडी. काटोलच्या रस्त्यानं आपल्याले कोण धक्का मारन?”

तिघं भाऊ उठून गेले. म्हणाले, साहेबांचं कंपनीशी ठरू द्या, मग येतो. चौथ्या दिवशी बाई नेहमीच्या वेळी आल्या, तेव्हा सोफ्यावर आधीच दोन गिऱ्हाइकं त्यांची वाट बघत बसली होती, हातात कार्डं घेऊन.

मॅनेजर साहेबांनी निरोप पाठवला, मॅडमना केबिनमध्ये बोलवा. बाई म्हणाल्या, “केबिनला पायरी आहे. साहेबांना सांगा, मी इथंच बरी.”

साहेब बाहेर आले. म्हणाले, ठीक आहे, सेल्फ बदलून देतो, कंपनीकडून सवलत म्हणून. बाईंनी मान हलवली. “सवलत नको. वॉरंटी म्हणून द्या. आणि लिहा, की जोडलेल्या दांड्याचा या बिघाडाशी संबंध नाही. उद्या क्लच बिघडला आणि तो या दांड्यानं बिघडला, तर मी स्वतः तुमच्या बाजूनं बोट ठेवीन. पण सेल्फ तिकडं आणि दांडा इकडं.” मग जरा थांबून म्हणाल्या, “पाचात दोन मिळवले तर पाच खोडावे नाही लागत, साहेब.”

ते वाक्य जॉबकार्डावर मी लिहिलं, साहेबांनी सही केली. बाईंनी कार्ड डोळ्यांजवळ नेऊन वाचलं, वह्या तपासायची लाल पेन्सिल काढली, ‘बीघाड’मधली वेलांटी ऱ्हस्व केली आणि कार्ड मला परत दिलं. साहेबांसमोर. मी मान खाली घातली, पण हसू आलंच.

पुढच्या सोमवारी माझी बदली मागच्या सुट्या भागांच्या गोदामात झाली. वर्षभर तिथं होतो. बाईंना कळलं तेव्हा एवढंच म्हणाल्या, “तुला लिहू नको असं मी सांगितलं नव्हतं.”

“नाही, बाई.”

“मग तुझं तूच केलं.” आणि खालच्या मजल्यावरून, “चहा घेतं का बे?” त्या दिवशी त्यांनी स्वतः करून पाजलेला चहा अगदी पाणचट होता. त्यांना चहा कधीच जमला नाही.

रज्जाकभाईंच्या दुकानासमोर पुढं नव्या नव्या गाड्या, स्कूटरी उभ्या दिसू लागल्या. मालकांपैकी कुणाला हात नाही, कुणाचा पाय आखूड. दुकानात त्यांनी एक पाटी लावली होती, हिंदीत, ‘बिना छेद के काम होता है’. लोक तिचा भलताच अर्थ काढून हसायचे. ते पाटी काढायला तयार नव्हते.

बाईंना मी शेवटचं पाहिलं ते कस्तुरचंद पार्कच्या मैदानात. रविवारची सकाळ होती. मी सायकलवरून सीताबर्डीकडं चाललो होतो. मैदानात ती गाडी ओळखू आली, रंग उडालेला, वॉरंटी संपून कितीतरी वर्षं झालेली. गाडी दोन हात पुढं उडी मारायची आणि बंद पडायची. पुन्हा सुरू व्हायची, पुन्हा उडी. मी सायकल थांबवली. स्टिअरिंगवर कॉलेजच्या वयाची एक किडकिडीत मुलगी बसली होती आणि तिच्या कुबड्या मागच्या काचेतून दिसत होत्या. बाई बाजूच्या सीटवर. केस पांढरे झालेले, दोन्ही हात मांडीवर. त्या दांड्याला हात लावत नव्हत्या, मुलीच्या दंडालाही नाही.

गाडी माझ्यापासून दहा पावलांवर येऊन पुन्हा बंद पडली. मुलगी रडकुंडीला आली होती. तिनं बाईंकडं पाहिलं. मी हाक मारायला तोंड उघडलं, पण त्याआधी काचेतून तो आवाज आला, खालच्या मजल्यावरचा.

“माह्याकडं काहून पाहून राहिली वं? पुढं पाह्य.”

आत खटका पडला, खट्. गाडी हळूच सुटली आणि या वेळी थांबली नाही.